खड्ड्यातली गुणगुण

ख्रिस्ती मंडळीच्या मंदिराची मधली तुळई वाळवीने आतून पोखरली होती, पण वरून रंग ताजा होता, म्हणून पडेपर्यंत ती सगळ्यांना धडधाकट वाटत होती. वादळ आलं आणि ती छपरासकट खाली बसली. आत माणूस कुणी नव्हतं. एक बोकड तेवढा आडोशाला शिरला होता. त्याला खरचटलंही नाही, पण त्या दिवसापासून त्याने म्हणे कुठल्याच छपराखाली पाऊल ठेवलं नाही, आणि पावसात त्याला छत्री धरून चारायला न्यावं लागे. छत्रीचं सोडून द्या, पण बोकड खरा आहे.

मंडळी उघड्यावर बसू लागली. उन्हात टकलं तापायची, उपदेश आखूड व्हायचा, आणि ते कुणाला वाईट वाटत नव्हतं. पण पाऊस जवळ आला होता. लांबलचक सरळ खोड एकाने दान दिलं. शहरातल्या लाकूड कापायच्या गिरणीत ते बसेना. मग ते हातानेच कापायचं, तर करवतीचा खड्डा हवा, आणि असा खड्डा उरला होता एकाच घरी.

त्या घराचा कर्ता थोरला भाऊ. लोक पाठीमागे त्याला 'आंबट' म्हणत. तो दुधाच्या भांड्यात डोकावला तर विरजण लावायला नको, अशी बायकांची थट्टा. माणूस मात्र सरळ, शब्दाचा पक्का. पवित्र आयुष्य जगायचं असं त्याने तरुणपणीच ठरवलं होतं, आणि ठरवताना कपाळावर ज्या आठ्या चढल्या त्या पुन्हा उतरल्याच नाहीत. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गुडघ्यांवर. गुडघ्यांना असे घट्टे की त्यावर कानस घासावी.

बाप अगदी उलट. म्हातारा हसला की पलीकडच्या आळीत पाळण्यातलं मूल जागं व्हायचं. करवतीवर उभा राहून गायचा. शब्द देवाचे आणि चाल नाचाची.

"उजेड आलाय दारी, कोण निजलंय घरी, उठा हो, उघडा हो दाऽऽर!"

तो 'दार' एवढा लांबवायचा की तेवढ्यात कुणी खरंच उठून दार उघडून यावं. मरतानाही त्याने आपल्या शवपेटीच्या फळ्या बघितल्या आणि म्हणाला, "जरा सैल ठेवा रे. मला हसताना पाय पसरायची सवय आहे." थोरल्याला तेव्हाही लाज वाटली होती. मंडळीचे पाळक समोर बसले होते.

करवतीचं काम दोघांचं. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकतात. एक जण ओंडक्यावर उभा राहतो, तो वरचा. दुसरा खड्ड्यात, तो खालचा. दोघांच्या मध्ये माणसाएवढी करवत. वरचा उचलतो आणि सूत मारलेल्या रेघेवर धरतो, खालचा ओढतो. ओढताना लाकूड कापलं जातं आणि सगळा भुसा खालच्याच्या अंगावर. म्हातारा वर आणि धाकटा मुलगा खाली, अशी जोडी. थोरल्याकडे कुऱ्हाड, सूत आणि हिशेबाचं बोलणं. खड्ड्यात तो कधी उतरलाच नव्हता.

बाप गेल्यावर थोरला वर चढला. पहिल्याच दिवशी खालून धाकट्याने हाक मारली, "दादा, गा ना!"

"काम करताना थिल्लरपणा नको."

"अरे, देवाचंच गाणं आहे."

"चाल देवाची नाही."

खड्ड्यावर शांतता आली. नुसती करवतीची घसघस. हिवाळा संपता संपता धाकट्याच्या उजव्या डोळ्यात लाकडाची कपची गेली. थोरला म्हणाला, पाण्याने धू, एवढा ओंडका होऊ दे. ओंडका झाला तोवर डोळा सुजून बंद झाला होता. पुढे तो उघडला, पण आतून पांढरा.

रविवारी पाळकांनी त्या डोळ्यासाठी प्रार्थना करायला सांगितली. थोरला उभा राहिला. गंभीर आवाजात म्हणाला, "हे प्रभू, ज्या डोळ्याने पवित्र गोष्टींची थट्टा पाहिली तो तू मिटलास, आता दुसरा तरी तुझ्याकडे वळव."

धाकटा 'आमेन'ला थांबला नाही. बायकोचा हात धरून निघून गेला. तेव्हापासून अंगण एक, दारं दोन, आणि दोन्ही दारांमध्ये बोलणं नाही. धाकटा आपल्या खोलीत कुऱ्हाडीचे, कुदळीचे दांडे करून विकायचा. खड्ड्यावर थोरल्याने फळ्या टाकल्या.

आता त्या फळ्या काढाव्या लागल्या.

खोड खड्ड्यावर चढवलं, सूत मारलं, करवतीला धार लावली. खाली उतरली थोरली, म्हणजे थोरल्याची बायको. ती मजबूत बाई. दुसरं कुणी नव्हतंच. अर्धी तुळई कापून होईपर्यंत तिने हूं की चूं केलं नाही. मग एका दुपारी करवत मध्येच सोडून ती शिडीने वर आली. भुरभुरीत पांढरी, नुसते डोळे लाल.

"काय झालं?"

"खाली कुणीतरी आहे."

"बेडूक असेल."

"बेडूक आहेच. बेडूक नाही म्हणत मी. गुणगुणतंय कुणीतरी. तोंड मिटून." ती पदराने मान पुसत होती. "बाबांची चाल आहे, अहो."

"प्रार्थना कर आणि उतर खाली."

"प्रार्थना इथूनही पोचते," थोरली म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

थोरला ओंडक्यावर एकटाच उभा राहिला. वारा पडला होता. अर्ध्या कापात करवत रुतून उभी. आणि त्याला ऐकू आलं. खालून, दाट, मिटल्या ओठांतून. उजेड आलाय दारी. कोण निजलंय घरी. उठा हो, उघडा हो... आणि तिथे थांबलं. 'दार' आलंच नाही. थोडा वेळ गेला, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तिथेच थांबलं. जसं कुणी शेवटच्या शब्दासाठी दुसऱ्याची वाट बघतंय.

त्याने देवाचं नाव घेतलं, जोरात घेतलं. गुणगुण थांबली, आदराने थांबल्यासारखी, आणि त्याचं आमेन झाल्यावर पुन्हा सुरू झाली.

मग काय, गावभर झालं. करवतकऱ्याच्या कोंबड्या चालीवर अंडी घालतात, शेवटचं अंडं अर्धंच येतं, असंही एक जण सांगत फिरला. धोब्याचं गाढव त्या कुंपणापाशी येऊन पाय आपटायचं आणि पुढे जायला नाकारायचं. एवढं मात्र धोब्याने स्वतः सांगितलं, आणि धोबी पाळकांसमोर खोटं बोलत नाही.

पाळक सायकलवरून आले. लुकडा, सज्जन माणूस. खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बराच वेळ कान देऊन बसले.

"ऐकू येतंय?" थोरल्याने विचारलं.

"छे. मला तरी काही नाही."

थोरला त्यांच्या पायाकडे बघत होता. पाळकांचा अंगठा चपलेतल्या चपलेत ताल धरत होता. त्यांनी पाहिलं, की थोरला बघतोय. पाय मागे घेतला.

"हा सैतानाचा खेळ आहे का, पाळकसाहेब?"

"सैतानाला इतकी चांगली चाल सुचेल असं वाटत नाही मला," पाळक म्हणाले आणि मग ओशाळून उठले. सायकलीला हात लावून थांबले. "तुमच्या भावाला विचारलंत का? त्याला खड्डा जास्त माहीत."

थोरला ओंडक्यावरचा भुसा झटकू लागला.

"ती तुळई आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर राहणार आहे," पाळक हळू म्हणाले. "तिच्याखाली आपण प्रभुभोजनाची भाकर मोडणार. ती कापणारे दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नसले तर मला तिच्याखाली उभं राहायला भीती वाटेल. वाळवीची नाही, दुसरी."

एवढं बोलून ते गेले. थोरल्याला ते झोंबलं. गुडघ्यांना घट्टे त्याच्या, उपास त्याचे, आणि भीती वाटते ती त्याच्या तुळईची!

आई अंगणातल्या बाजेवर पडून सगळं ऐकत होती. तिला आता दिसायचं अंधूक, ऐकू यायचं मात्र मुंगी चाललेलंही. नवरा गेल्यापासून ती कमी बोलायची.

"अरे," ती म्हणाली, "तुझ्या बाबांचाच आवाज आहे तो."

"आई, बाबा देवाघरी आहेत. वर."

"ते मला नको सांगूस. पण मी लग्न होऊन आले तेव्हा ते खालचे होते. वर त्यांचे वडील गायचे, हे खालून गुणगुणायचे. तोंड उघडलं तर भुसा जातो ना. मी पाणी घेऊन आले की खड्ड्यातून नुसती गुणगुण ऐकू यायची. माणूस दिसायचाच नाही." ती जराशी हसली. "आधी आवाजाशीच संसार केला मी."

"मग आता काय पाहिजे त्यांना?"

"मला काय विचारतोस? वरून बघून कळणार आहे का? उतर की खाली."

थोरला उतरला. ऊन चांगलं डोक्यावर होतं म्हणून उतरला, हेही सांगायला हवं.

खाली गारवा. ओल्या मातीचा आणि आंबलेल्या भुशाचा वास. भिंतीला धाकट्याच्या पाठीने पडलेला गुळगुळीत खळगा, आणि तिथे पाठ टेकली तर थोरल्याला तो लहान होत होता. कोपऱ्यात खरंच एक बेडूक, गलेलठ्ठ, या घराचा तोच मालक असल्यासारखा बसलेला. गुणगुण थांबली होती. थोरल्याने वर पाहिलं. ओंडक्याचं काळं पोट, आणि दोन्ही बाजूंना आभाळाच्या दोन पट्ट्या. वरचा माणूस इथून दिसत नाही, हे त्याला तेव्हा कळलं. बघायला गेलं तर करवतीचं पातं दिसतं, एवढंच.

"अगं!" त्याने बायकोला हाक मारली. "वर चढ. जरा चालव."

"मी वर? मला रेघ धरता येत नाही."

"दोन हात मार नुसते."

थोरली चढली. करवत वर गेली आणि थांबली. खाली कधी येणार? थोरल्याने दांडा धरून वर पाहिलं. करवत आली, त्याने ओढली, आणि मूठभर भुसा थेट डोळ्यांत.

"आई गं!"

"काय झालं?"

"काही नाही. पुन्हा."

पुन्हा तेच. न बघावं तर हात उशिरा पडायचा आणि करवत अडकायची. बघावं तर डोळे भरायचे. नाकातून पाणी, गालांवर चिखल. तिसऱ्यांदा त्याने ओरडून शिव्यांच्या फार जवळचा एक शब्द उच्चारला, आणि वर थोरली करवत धरून गप्प उभी राहिली, कारण एवढ्या वर्षांत तिने तो त्याच्या तोंडून ऐकला नव्हता.

तेवढ्यात बाजेवरून आईचा आवाज आला. फाटका, म्हातारा, पण चालीत चोख. "उजेड आलाय दारी, कोण निजलंय घरी..." थोरली नकळत त्या चालीवर करवत उचलू लागली. "उठा हो, उघडा हो दाऽऽर!"

'दार' आलं आणि थोरल्याने डोळे मिटून ओढलं. भुसा पापण्यांवर पडला आणि ओघळून गेला. डोळे उघडले तर करवत वर निघालेली. पुन्हा दार, पुन्हा मिट, पुन्हा ओढ. वर बघायची गरजच नव्हती. तो लांबवलेला शब्द होता पापण्यांसाठी. म्हातारा नाचाच्या चालीवर वर्षानुवर्षं दुसऱ्याचे डोळे राखत उभा होता.

थोरल्याने दांडा सोडला. त्याचे गुडघे वाकले, पण प्रार्थनेला नाही, नुसतेच. भुशात बसून राहिला. शेजारी बेडूक.

"अहो?" वरून थोरली. "उतरू का मी?"

"उतर," तो म्हणाला. त्याचा आवाज तिला ओळखू आला नाही.

धाकट्याचं दार उघडंच होतं. धाकटा रंधा मारत होता. दांड्याचे कुरळे छिलके पायांभोवती पडलेले. बायको भांडी घासत होती. तिने आधी पाहिलं.

"दादा आलेत," ती नवऱ्याला म्हणाली, जणू पाऊस आला असं सांगावं तसं.

धाकट्याने मान वळवली. चांगला डोळा त्याच्याकडे यायला त्याला पूर्ण वळावं लागलं. "डोळे का लाल?"

"खाली उतरलो होतो."

रंधा थांबला. "तू?"

"हो."

"कसं आहे?"

"अंधार आहे."

"तसा नाहीये. सवय झाली की दिसतं. कोपऱ्यात बेडूक असायचा."

"आहे."

"आहे अजून? बरं झालं." रंधा पुन्हा चालू.

थोरला उंबऱ्यातच उभा होता. आत ये असं कुणी म्हणालं नव्हतं. "तुला वर बघावं लागत होतं," तो म्हणाला. "मी गात नव्हतो म्हणून."

धाकट्याने रंधा बाजूला ठेवला.

"मला सांगायचं नाहीस का, की गाणं डोळ्यांसाठी आहे?"

"मला तरी कुठे माहीत होतं, दादा? बाबा गायचे, मी मिटायचो. श्वास कसा घेतो ते कुणी सांगतं का? डोळा गेल्यावर कळलं. तेव्हा तू आमच्यासाठी प्रार्थना करत होतास."

धाकट्याच्या बायकोच्या हातातलं भांडं जोरात आपटलं.

थोरला उंबऱ्यावर बसला. "त्या प्रार्थनेबद्दलच आलोय. ती मला परत घ्यायची आहे. मंदिरात, सगळ्यांसमोर घेईन. पण आधी इथे. देवाच्या नावाखाली मी तुझ्या डोळ्यावर थुंकलो. मला माफ कर म्हणायला तोंड नाही. तरी म्हणतो."

धाकटा हातातला दांडा उलटसुलट बघत होता.

"डोळा येणार नाही परत."

"नाही."

"मग मी थोडा रागावलेला राहिलो तर चालेल?"

"राहा."

"किती दिवस?"

"तुझं तू बघ. मला नको विचारूस, मला त्यातलं काही कळत नाही असं आज दिसलंय."

धाकट्याची बायको उठली. वाटीत कोमट पाणी आणि फडका घेऊन थोरल्यासमोर येऊन बसली. "वर बघा," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. तिने त्याची हनुवटी धरली, मुलाची धरावी तशी, आणि फडका पिळून डोळ्यांत पाणी सोडलं. हात हलका नव्हता. "मिटू नका. मिटू नका म्हणते ना! ह्यांचेही असेच धुतले होते मी. उशिरा धुतले." पाणी थोरल्याच्या गळ्यातून सदऱ्यात उतरत होतं. आपल्या धाकट्या भावजयीसमोर एवढा मोठा माणूस मान वर करून बसला होता आणि त्या पाण्यातलं कुठलं वाटीतलं आणि कुठलं त्याचं, ते तिला दिसत होतं. तिने फडका पुन्हा पिळला.

"तुळई किती राहिली?" धाकट्याने विचारलं.

"अर्धी."

"वर कोण?"

"तू."

"मला एकच डोळा आहे."

"माहीत आहे."

"रेघ चुकेल."

"चुकू दे."

"चुकायची नाही," धाकटा उठला, अंगावरचे छिलके झटकले. "सूत बघायला लोक मुद्दाम एक डोळा मिटतात. माझे तेवढे कष्ट वाचलेत."

थोरल्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा ओंडक्यावर चढला आणि थोरला खड्ड्यात उतरला, तोंडाला फडकं बांधून. आभाळ भरून आलं होतं. दोघी जावा कुंपणाला टेकून उभ्या, एकमेकींपासून जरा लांब, पण उभ्या. आई बाजेवर.

"उजेड आलाय दारी," धाकट्याने सुरू केलं. आवाज बापासारखा मुळीच नव्हता, फुटका होता. करवत चालू लागली. थोरला मिटल्या तोंडाने गुणगुणायला लागला, कसाबसा, चुकत. दार आलं की डोळे मिटायचा. दुपार झाली, घाम आणि भुसा मिळून अंगावर लापशी झाली. खांदे भरून आले. एका गाठीपाशी करवत अडकली, पाचर मारावी लागली, आणि सगळा साचलेला भुसा एकदम कोसळला.

"दादा, आहेस ना?"

"आहे."

"दिसत नाहीस. नुसत्या भुवया दिसतात."

"गा."

धाकटा गाऊ लागला. आणि त्याच वेळी त्या गलेलठ्ठ बेडकाने, या नव्या भाडेकरूला कंटाळून म्हणा, उडी मारली आणि तो थोरल्याच्या पायजम्यात शिरला. थोरला एका पायावर नाचला. दांडा सोडता येईना, करवत वरून येत होती. बेडूक मांडीपाशी. थोरल्याच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते त्याने आधी खोकला समजून दाबलं, मग दाबता येईना, आणि तो हसला.

असा हसला की पलीकडच्या आळीत पाळण्यातलं मूल जागं झालं. कोंबड्या भिंतीवर गेल्या. धोब्याचं गाढव कुंपणापाशी पाय आपटत होतं ते थांबलं, आणि शांतपणे पुढे चालू लागलं. वर धाकट्याच्या हातातली करवत तशीच राहिली. ते हसू थोरल्याचं नव्हतंच. ते म्हाताऱ्याचं होतं, पाय पसरून हसायचा ते. थोरल्याने स्वतः ऐकलं आणि त्याच्या अंगावर काटा आला, तरी हसू थांबेना.

बाजेवर आई उठून बसली. नवरा गेल्यापासून जो शब्द तिच्या तोंडात आला नव्हता, तो आला.

"अहो," ती खड्ड्याच्या दिशेने म्हणाली, अगदी रोजच्यासारखी, "पुरे आता. वर या. हात धुवा, पानं वाढतेय."

कुणी हललं नाही. पावसाचा पहिला टपोरा थेंब ओंडक्यावर पडला. आणि खड्ड्यातून आवाज आला, "आलो, आलो."

तुळई वेळेत बसली. तिच्यावर एका जागी करवत किंचित हलल्याची खूण आहे. थोरल्याने ती प्रार्थना तिच्याखाली उभं राहून परत घेतली, आणि हल्ली तो गातो, वाईट गातो, पण 'दार' लांबवतो. खड्ड्यातली गुणगुण त्या दिवसानंतर कुणी ऐकली नाही. दुपारी वारा पडला की थोरला मात्र काठावर जाऊन बसतो, कान देऊन.

धाकटा सांगतो, आईला उत्तर दिलं ते दादाने.

थोरला म्हणतो, मी कसा देईन? माझ्या तोंडाला फडकं होतं, आणि मी डोळे मिटून होतो.